कृमीचे परावलंबन आणि औषधांचे अर्थकारण

1952 साली रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील गिमवी या लहानशा खेड्याचे नाव वैद्यकीय वाङ्मयात आले. या गावातील काही रहिवाशांच्या लघवीत एका चपट्या कृमीची अंडी आढळल्याचे डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी त्या वर्षी जाहीर केले. हा कृमी शिस्टोसोमा या गणातील होता. त्याचे माहेर आफ्रिका आणि पश्चिम आशिया. कोकणातील एखाद्या ओढ्याकाठी त्याचे स्थानिक ठाणे असेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ओढ्यातील दगडांना व पानांना चिकटून राहणारी एक इवलीशी गोगलगाय त्याला आश्रय देत होती, असे पुढील संशोधनात दिसून आले. गिमवीतील लागण यथाकाल मागे पडली आणि महाराष्ट्र हे नाव विसरूनही गेला.

आफ्रिका खंडाला मात्र असे विसरण्याची चैन परवडणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली किमान 25 कोटी 14 लाख लोकांना या रोगावरील प्रतिबंधक औषधाची गरज होती आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत होते. प्रत्यक्षात औषध पोहोचले ते सुमारे साडेसात कोटी लोकांपर्यंत. हे औषधही एकच. प्राझिक्वान्टेल हे त्याचे नाव. ते 1970 च्या दशकात जर्मनीतील दोन कंपन्यांनी विकसित केले आणि आजतागायत त्याला पर्याय उभा राहिलेला नाही. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचे आरोग्य एकाच गोळीवर विसंबून असावे, ही स्थिती कोणत्याही दृष्टीने निर्धास्त राहण्याजोगी नाही. गेल्या तीन दशकांत या कृमीच्या देहरचनेविषयी जे ज्ञान हाती आले आहे, त्यातून नव्या औषधाची वाट दिसते. ती वाट कोणती आणि तिच्यावरून पावले का पडत नाहीत, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारात घ्यावयास हवेत.

रक्तातील बिऱ्हाड

थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्याने 1851 मध्ये कैरो येथे हा कृमी प्रथम शोधून काढला. म्हणून या रोगाला बिलहार्झिया असेही म्हणतात. त्याचे जीवनचक्र दोन घरांत पुरे होते. रोग्याच्या मलमूत्रातून अंडी पाण्यात जातात, त्यांतून बाहेर पडणारा जीव गोगलगाईच्या शरीरात शिरतो, तेथे वाढतो, आणि पुढच्या रूपात पुन्हा पाण्यात येऊन माणसाची कातडी भेदून रक्तात प्रवेश करतो. पाण्यात उतरल्याखेरीज ज्यांचा दिवस सरत नाही, अशा कोळी, शेतकरी, धुणे धुणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांनाच त्याचा उपसर्ग होतो. हा रोग माणसाची आर्थिक स्थिती पाहूनच येतो, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

रक्तात शिरलेला कृमी यकृतात वाढतो आणि नंतर आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या शिरांत बिऱ्हाड करतो. नराच्या अंगाला एक लांबट खोबण असते. तिच्यात मादी वास्तव्य करते. नराची संगत लाभली नाही, तर मादी पूर्ण वयात येतच नाही. हे जोडपे रक्तात वर्षानुवर्षे राहते. काही रोग्यांत ते कित्येक दशके जिवंत राहिल्याची नोंद आहे. आतड्याच्या शिरांत राहणाऱ्या मॅन्सोनी या जातीची मादी दिवसाला सुमारे तीनशे अंडी घालते. त्यांतील बरीचशी शरीराबाहेर न पडता यकृतात व इतर अवयवांत रुतून बसतात, त्यांच्याभोवती शरीर गाठी निर्माण करते आणि यकृत निबर होत जाते. मूत्राशयात राहणाऱ्या जातीमुळे पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. तेव्हा खरा रोग कृमीपेक्षा त्याच्या अंड्यांचा आहे. अंडी घालणे थांबले, तर रोग्याची पीडाही थांबेल आणि रोगाचा प्रसारही.

यजमानाचे संदेश, कृमीचे ग्राही

माणसाच्या शरीरातील पेशींनी केव्हा वाढावे, केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे, हे ठरविणारी काही प्रथिने असतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. हे घटक एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेतात. निरोप स्वीकारण्यासाठी पेशीच्या आवरणावर जी प्रथिने बसविलेली असतात, ती ग्राही होत. ग्राहीचा एक भाग पेशीच्या बाहेर आणि एक आत असतो. दाराबाहेरील घंटा ओढली की घरातील माणसे कामाला लागावीत, तसे बाहेरच्या भागाला वृद्धिघटक चिकटला की आतील भाग जागा होतो आणि पेशीत रासायनिक घडामोडींची साखळी सुरू होते. ही घंटा अकारण वाजतच राहिली, तर पेशी बेसुमार वाढतात. अनेक कर्करोगांचे मूळ येथेच आहे.

शिस्टोसोमाच्या अंगावरही असे ग्राही आहेत, ही गोष्ट 1990 च्या दशकात उघड झाली. त्वचापेशींची वाढ घडविणाऱ्या मानवी वृद्धिघटकाचा जो ग्राही, त्याच्याशी मिळतेजुळते प्रथिन या कृमीत असल्याचे चार्ल्स शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखविले. रूपांतरी वृद्धिघटक बीटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या घटकाच्या कुळातील ग्राही कृमीच्या बाह्य पृष्ठभागावरच असल्याचे 1998 मध्ये सिद्ध झाले. इन्शुलिनचे दोन ग्राहीही पुढे सापडले.

या शोधांचे खरे महत्त्व त्यापुढील प्रयोगांत आहे. कृमीचा ग्राही माणसाच्या वृद्धिघटकाने जागा होतो, असे 2004 मध्ये फ्रान्समधील संशोधकांना आढळले. मानवी रूपांतरी वृद्धिघटकाच्या संपर्काने कृमीमधील एका विशिष्ट प्रथिनाची निर्मिती बदलते, हे 2006 मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखविले. हे प्रथिन नर ज्या खोबणीत मादीला वागवतो, त्या खोबणीशी संबंधित आहे. म्हणजे घंटा कृमीच्या दारावरची, पण ती ओढणारा हात यजमानाचा. माणसाच्या पेशींनी परस्परांना धाडलेले निरोप हा आगंतुक मधल्यामध्ये ऐकतो आणि त्यावरून आपला संसार चालवितो.

2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष याहून विलक्षण होते. ज्या उंदरांत रोगप्रतिकार करणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या पेशी नव्हत्या, त्यांच्यात हे कृमी फोफावतील, असा कोणाचाही तर्क झाला असता. घडले उलटेच. त्या दुबळ्या उंदरांत कृमी खुरटले. परोपजीवीला हुसकावण्यासाठी शरीराने उभारलेल्या फौजेच्या हालचालींवरूनच हा कृमी आपली वाढ बेतत असावा, असा त्याचा अर्थ होतो. आणि 2007 मध्ये एडवर्ड पियर्स यांच्या गटाने असे दाखविले, की रूपांतरी वृद्धिघटकांच्या कुळातील कृमीचे स्वतःचे एक प्रथिन अंड्यात तयार होऊ दिले नाही, तर आतील गर्भाची वाढच खुंटते.

या सर्व ज्ञानाचा मथितार्थ एकच आहे. कृमीचे परावलंबन हे त्याचे सामर्थ्य आहे आणि तोच त्याचा दुबळेपणाही आहे. यजमानाकडून सर्व काही उसने घेणारा जीव उसनवारीची वाट बंद झाली, की हतबल होतो. ग्राहीचे दार बंद करणारे औषध मिळाले, तर कृमी मेला नाही तरी निष्फळ होईल.

साम्याची अडचण

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. कृमीचा ग्राही माणसाच्या ग्राहीशी इतका सारखा असेल, तर एकाला बंद करणारे औषध दुसऱ्यालाही बंद करणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु याच साम्याचा एक लाभही आहे. कर्करोगावरील संशोधनात श्रीमंत देशांनी गेल्या काही दशकांत अफाट पैसा ओतला असून, ग्राहींचा आतील भाग निष्क्रिय करणारी अनेक औषधे त्यातून निर्माण झाली आहेत. त्यांच्या विकासाचा खर्च भागलेला आहे, माणसावरील परिणाम तपासलेले आहेत. ती कृमीवर चालवून पाहावयाची, एवढेच उरते.

तसे करूनही पाहण्यात आले. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर संजीवनी ठरलेले इमॅटिनिब हे औषध 2010 मध्ये जर्मनीतील गीसेन येथील संशोधकांनी प्रयोगशाळेतील पात्रात वाढविलेल्या कृमींवर वापरले. कृमींचे आतडे व जननेंद्रिये यांची हानी झाली आणि ते मेले. पण बाधित प्राण्यांच्या शरीरात तेच औषध निष्प्रभ ठरले. रक्तातील काही प्रथिने औषधाला धरून ठेवतात आणि ते कृमीपर्यंत पुरेसे पोहोचू देत नाहीत, असा उलगडा 2014 मध्ये झाला. हे अपयश सांगण्याजोगे आहे, कारण त्यातून पुढची दिशा कळते. दार तेच ठेवून किल्लीची घडण बदलावी लागेल.

दुसरी दिशा अधिक आशादायक वाटते. व्हीनस कायनेज नावाचा ग्राहींचा एक वर्ग याच कृमीत 2003 मध्ये सापडला. कीटक पकडणाऱ्या व्हीनस नावाच्या वनस्पतीच्या पानाप्रमाणे मिटणारा भाग त्यात असतो, म्हणून हे नाव. हे ग्राही कृमीच्या जननेंद्रियांच्या घडणीत भाग घेतात आणि पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही प्राण्यात ते आढळलेले नाहीत. त्यांच्यावर नेमका घाव घालणारे औषध तयार झाले, तर ते रोग्याला अपाय करण्याचा संभव कमी राहील. 2009 मध्ये या कृमीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून असा शोध घेण्याची साधने कोणाही प्रयोगशाळेच्या हाताशी आहेत. मग अडले कोठे?

गरज आणि मागणी

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात गरज आणि मागणी यांतील भेद शिकविला जातो. भुकेल्या माणसाला अन्नाची गरज असते, पण खिशात पैसा नसेल, तर बाजाराच्या लेखी त्याची मागणी शून्य. औषधांच्या बाजारात या भेदाचे जे दर्शन घडते, तसे अन्यत्र क्वचितच घडत असेल. 1975 ते 1999 या 25 वर्षांत जगात 1,393 नवी रासायनिक औषधे बाजारात आली. त्यांतील उष्ण कटिबंधातील रोग व क्षय मिळून केवळ 16 होती. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हिशेबाला कोणाच्या दुष्टाव्याचे स्पष्टीकरण लागत नाही. कंपन्या भांडवलावर परतावा पाहतात आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठचा कोळी परतावा देऊ शकत नाही.

कर्करोग आणि कृमी यांच्या औषधांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न जवळपास एकच: ग्राहीची घंटा कशी बंद करावी? एका बाजूला डझनांनी औषधे आहेत, तर दुसऱ्या बाजूला 1970 च्या दशकातील एक गोळी. प्राझिक्वान्टेल नेमके कोठे घाव घालते, याचा पत्ता लागावयास 2019 उजाडले. लहान मुलांना देता येईल अशा स्वरूपातील औषधाला युरोपीय औषध यंत्रणेचे अनुकूल मत मिळाले ते डिसेंबर 2023 मध्ये. ज्या रोगाची झळ मुलांना सर्वाधिक बसते, त्या रोगावरील औषधाचा बालकांजोगा प्रकार चार दशकांनी यावा, यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही. प्राझिक्वान्टेलची आणखी एक उणीव आहे. ते प्रौढ कृमींना मारते, कोवळ्या कृमींवर त्याचा प्रभाव पडत नाही. नदीत पुन्हा उतरणाऱ्या माणसाला तर पुन्हा लागण होतेच.

मर्क ही जर्मन कंपनी 2007 पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत या गोळ्या दान करीत आहे आणि वर्षाला 25 कोटी गोळ्यांपर्यंत देण्याची तिची तयारी आहे. या औदार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि दान हे धोरण नव्हे. दात्याचे मन किंवा ताळेबंद बदलला, तर घेणाऱ्याला विचारण्याचा हक्क राहत नाही. शिवाय दान जुन्या गोळीचे होते. नव्या गोळीच्या शोधाचे होत नाही.

बाजाराला वळण देण्याचे यत्न झाले नाहीत, असेही नाही. उपेक्षित रोगावर औषध आणणाऱ्या कंपनीला तिच्या दुसऱ्या एखाद्या औषधाची छाननी लवकर करून घेण्याचे हक्कपत्र द्यावे, असा कायदा अमेरिकेने 2007 मध्ये केला. कल्पना कल्पक होती. पण 2019 मध्ये यकृतातील चपट्या कृमीवरील ट्रायक्लाबेन्डाझोल या औषधासाठी असे हक्कपत्र दिले गेले, तेव्हा ते औषध गुरांसाठी 1980 च्या दशकापासून वापरात होते. अमेरिकेतील रोग्यांसाठी ती नोंदणी उपयुक्त होती, यात शंका नाही. नव्या ज्ञानाला मात्र तिने चालना दिली नाही. उत्तेजन परवान्याला मिळाले, शोधाला मिळाले नाही.

दुसरी बाजू

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हा रोग औषधाने नव्हे, तर स्वच्छ पाणी, शौचालये आणि गोगलगाईंचा बंदोबस्त यांनी जातो, असे अनेक जाणकार म्हणतात. जपानचा दाखला त्यांच्या बाजूचा आहे. यामानाशी प्रांतात कालवे सिमेंटने बांधून काढले, गोगलगाई नष्ट केल्या आणि 1996 मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. परंतु त्यासाठी जपानला अनेक दशके आणि जपानइतकी संपत्ती लागली. तोवर आजारी असलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. घाईने केलेल्या औषधोपचाराची किंमतही इतिहासाने नोंदविली आहे. इजिप्तमध्ये 1950 ते 1980 च्या दशकांत अँटिमनीयुक्त क्षाराची टोचणी मोहीम राबविली गेली. सुया नीट निर्जंतुक न केल्याने तिच्यातून यकृतदाहाच्या विषाणूचा प्रचंड फैलाव झाला, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. चांगल्या औषधाचा अभाव ही काही निरुपद्रवी गोष्ट नव्हे.

उपचारांचा आर्थिक लाभही उपेक्षणीय नाही. केनियातील शाळांत कृमिनाशक औषधे दिल्याने मुलांची गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी 2004 मध्ये मांडले. जेथे शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव अधिक, तेथे प्राझिक्वान्टेलही दिले गेले होते. त्या आकडेमोडीवर पुढे 2015 मध्ये मोठा वाद झाला आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही. मात्र रक्तक्षयाने थकलेले मूल वर्गात लक्ष देऊ शकत नाही, एवढ्या गोष्टीला संख्याशास्त्राच्या साक्षीची गरज नसावी.

भारताचे कर्तव्य

या प्रश्नाशी भारताचा संबंध काय, असे कोणी विचारील. पहिला संबंध गोठ्यातला आहे. याच गणातील एक जात भारतात गुरांच्या नाकातील शिरांत राहते आणि जनावर घोरू लागते. यकृतातील चपटे कृमीही पशुपालकांच्या परिचयाचे आहेत. ग्राहींचे शास्त्र एका कृमीपुरते मर्यादित नाही; यकृतात गाठ करणाऱ्या इकायनोकॉकस या चपटकृमीच्या पेशीही यजमानाच्या इन्शुलिनने वाढीला लागतात, असे आढळले आहे.

दुसरा संबंध न्यायालयातला आहे. ज्या इमॅटिनिबने पात्रातील कृमी मारले, त्याच औषधाच्या एका नव्या स्फटिकरूपासाठी मागितलेले एकस्व 1 एप्रिल 2013 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. जुन्याच औषधाच्या किरकोळ बदलाला नवी मक्तेदारी देता येणार नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित झाले आणि स्वस्त पर्यायी गोळी रोग्यांना मिळत राहिली. ज्या देशाने ज्ञानाच्या मक्तेदारीला मर्यादा घातली, त्याने ज्ञानाच्या निर्मितीचाही भार उचलणे उचित ठरेल. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेसारखी व्यासपीठे येथे आहेत, स्वस्त उत्पादनाचे कौशल्य आहे आणि आफ्रिकेच्या बाजारपेठेचा अनुभवही आहे.

करावयाचे काय, हेही फारसे गूढ नाही. कर्करोगासाठी तयार झालेली, पण विविध कारणांनी बाजूस पडलेली ग्राहीरोधक रसायने कंपन्यांनी सार्वजनिक चाचणीसाठी खुली करावीत. ज्या देशांत या रोगाचा भार आहे, त्यांनी आणि भारतासारख्या उत्पादक देशांनी मिळून खरेदीची आगाऊ हमी द्यावी, म्हणजे गरजेला मागणीचे रूप येईल. आणि बक्षीस द्यावयाचे ते नोंदणीला नव्हे, तर नव्या घावासाठी द्यावे. यांतील एकही गोष्ट चमत्काराच्या कोटीतली नाही.

शिस्टोसोमाने लक्षावधी वर्षांत एक विद्या साध्य केली आहे: यजमानाच्या शरीरातील निरोप नेमके ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे. त्या निरोपांचा अर्थ माणसाला आता कोठे उमगू लागला आहे. पण ज्यांच्या रक्तात हा कृमी नांदतो, त्यांचा निरोप औषधांच्या बाजारापर्यंत पोहोचत नाही, कारण त्याबरोबर पैसा येत नाही. गिमवीच्या ओढ्याकाठचे लोक निदान एका वैद्यकीय निबंधात तरी नोंदले गेले. व्हिक्टोरिया सरोवराकाठी आज पाण्यात उतरणाऱ्या मुलाची दखल घेणे हे सरकारांचे आणि सार्वजनिक संस्थांचे काम आहे, आणि ते बाजारावर सोपवून भागणार नाही.